रतनवाडीचा ओढा

परळीच्या माणसाला डोंगराचे अप्रूप नसते. प्रभू वैजनाथांचे मंदिरच आमच्याकडे टेकडीवर आहे, आणि बालाघाटाची रांग तर आम्ही लहानपणापासून अंगणातून पाहत आलो. अप्रूप असते ते पाण्याचे. माझ्या छत्तीस वर्षांच्या बँकेतील नोकरीत मी ज्या ज्या शाखेत बसलो, तेथे जून महिना उजाडला की ग्राहक, शिपाई आणि व्यवस्थापक असे तिघेही दारातून एकदा तरी आभाळाकडे पाहून येत. मोंढ्यातील आडत, बी-बियाण्यांची दुकाने, कापडाचा धंदा, सोन्याची पेढी, सगळ्यांची उधारी-वसुली त्या आभाळाशी बांधलेली. त्यामुळे पुण्याला असलेल्या चिरंजीवाने जेव्हा सांगितले की, “बाबा, या वर्षी देवदर्शन किंवा लग्नकार्य नाही, आपण चौघे-पाचजण जंगलात, तलावाच्या काठी तंबूत राहायला जाऊ,” तेव्हा माझ्या कानांनी त्यातील ‘तलाव’ एवढाच शब्द उचलला.

बाकीच्या शब्दांबद्दल आक्षेप होतेच. पहिला गुडघ्यांचा. दुसरा, आणि अधिक मोठा, जेवणाचा. आम्हां उभयतांचा चौविहार गेली अनेक वर्षे सुरू आहे. अशा ठिकाणी रात्री नऊ वाजता शेकोटीभोवती काय काय भाजतात, हे मी ऐकून होतो. सूनबाईने मात्र आधीच फोन करून ठेवला होता. सूर्यास्तापूर्वी जेवण, कांदा-लसूण-बटाटा नाही, पाणी उकळून आणि गाळून. पलीकडच्या तरुणाने काहीही न विचारता होकार दिला होता. “आमच्याकडे येतात जैन मंडळी,” एवढेच तो म्हणाला. आक्षेप संपले.

बुधवार, ५ जून २०२४ हा दिवस ठरला. आदल्या दिवशी लोकसभेचा निकाल लागलेला. पहाटे पाच वाजता निघालो तेव्हा बीड जिल्ह्यातील रस्त्यांवर गुलाल अजून तसाच होता. त्या उन्हाळ्यात आमच्या भागाचे हाल कोणी न सांगताही कळत होते. गावोगावी टँकर उभे. नगर ओलांडून दुपारी संगमनेरला पोहोचलो. सूनबाईचे माहेर तेथलेच. चिरंजीव, सूनबाई आणि आठ वर्षांची नात पुण्याहून तेथे येऊन थांबले होते.

व्याह्यांचे आणि माझे एका विषयावर कधीच जमत नाही, तो विषय पाणी. हे वाचणाऱ्या अनेक घरांत असे असेल. एक मुलगी गोदावरीच्या वरच्या अंगाला दिलेली, एक खालच्या अंगाला. व्याही ताटावर बसताच म्हणाले, “तर मग पाहुणे, आमचे पाणी बघायला निघालात!” मी म्हटले, “बघायलाच. न्यायला नाही.” दोघींच्या चेहऱ्यावर चिंता दिसली म्हणून विषय तेथे थांबला. पण तो काय आहे, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या प्रवासाला तो लागू आहे.

भंडारदऱ्याचे पाणी प्रवरा नदीचे. ही नदी सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते, अकोले-संगमनेरला भिजवते आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. त्याच्या खाली लगेच पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी. वरच्या अंगाला प्रवरेवर भंडारदरा, निळवंडे अशी धरणे, खाली मराठवाडा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, आणि त्याखाली जो हिशेब ठरला त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०२३ च्या पावसाने दगा दिला, आणि त्या वर्षअखेरीस ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वरचे म्हणाले, आमच्या उभ्या पिकांचे काय? खालचे म्हणाले, आम्हांला प्यायला नको का? दोघांचेही खरे. बँकेत दोन धनको एकाच तारणावर हक्क सांगत असत, तेव्हा निदान तारण मोजता तरी यायचे.

परळीचे या पाण्याशी नाते थोडे आडवळणाचे आहे. गावाचे पिण्याचे पाणी नागापूरच्या वाण धरणातून येते. पण आमच्या औष्णिक वीज केंद्राचे पाणी गोदावरीचे, सोनपेठजवळच्या खडका बंधाऱ्यातून. जायकवाडीतून माजलगावला, माजलगावातून पुन्हा गोदावरीत, आणि तेथून आमच्याकडे. १९७१ साली परळीला पहिला संच सुरू झाला, आणि ते केंद्र म्हणजे गावाची तिजोरी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी ते पूर्ण बंद पडले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या काळात मी शाखेत होतो. संच बंद झाले की महिन्याभरात त्याचा परिणाम चहाच्या टपरीपासून कापडाच्या दुकानापर्यंत कसा उतरत जातो, हे मी खात्यांतील शिलकेवरून वाचू शकत असे. कंत्राटी कामगारांची खाती आधी रिकामी होत. मग किराणावाल्यांचे कॅश क्रेडिट खाते मर्यादेला टेकायचे. मग पेढीवरचे शेठ स्वतः येऊन, आवाज खाली करून, “साहेब, दोन महिने सांभाळून घ्या” म्हणायचे.

असो. संगमनेरहून निघालो ते अकोले, राजूर करत घाटात शिरलो. राजूरच्या पुढे हवा बदलली. वाटेत रंधा धबधब्याचा फाटा लागतो. प्रवरा तेथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते म्हणतात, पण जूनच्या आरंभी तेथे पाहण्यासारखे काही नसते म्हणून थांबलो नाही. धरणापाशी मात्र थांबलो. १९१० साली बांधायला घेतलेले आणि १९२६ साली पुरे झालेले हे दगडी धरण. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले म्हणून विल्सन डॅम. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण ११ टीएमसी. सोळा वर्षे लागली, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते दगडांचे सांधे पाहून. ज्यांनी हे चुन्यात बसवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव तेथे नाही.

पुढे तलावाच्या कडेकडेने रतनवाडीचा रस्ता जातो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो; नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. उजवीकडे पाण्यापलीकडे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई; समोर रतनगड, त्याच्या शेजारी खुट्टा नावाचा सुळका. तलावाचे पाणी बरेच मागे हटले होते. काठावर तडकलेल्या गाळाचा रुंद पट्टा आणि त्यावर चरणारी गुरे. नातीने विचारले, “आजोबा, एवढे कमी?” मी म्हटले, “बेटा, आमच्याकडच्या हिशेबाने हे भरलेले आहे.”

रतनवाडी हे तलावाच्या अगदी वरच्या टोकाचे गाव. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात ज्यांना इंग्रजांनी फाशी दिले ते राघोजी भांगरे याच मुलखातले, देवगावचे. गावात अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ आहे, आणि ज्यांना दगडी कोरीव काम पाहायला आवडते त्यांनी केवळ त्यासाठीही येथे यावे. देवळाशेजारची पुष्करिणी, तिच्या भिंतीतील देवकोष्ठे, खाली तळाशी हिरवट पाणी. कोरणाऱ्यांनी एकही खांब दुसऱ्यासारखा ठेवलेला नाही असे वाटते. आम्ही घाईत पाहिले, कारण सूर्य उतरत होता आणि जेवण व्हायचे होते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तेथे येतो.

आमचा यजमान तरुण गावचाच. त्याने आपल्या भाताच्या खाचरांवर, म्हणजे उताराच्या पायऱ्यांवर, आठ-दहा तंबू उभे केले होते. आमच्यासाठी दोन राखून ठेवलेले. पण शेजारच्या तंबूंत शहरातून आलेल्या तरुणांचा एक गट होता आणि त्यांच्या पेटीवर गाणी चालू होती. गाणी वाईट होती असे म्हणत नाही. पण मी साडेतीनशे किलोमीटर गाणी ऐकायला आलो नव्हतो. खाली, दोनशे पावलांवर, एक ओढा होता. रतनगडाच्या अंगाने येणारा, जांभळी आणि हिरड्याच्या झाडांतून वळण घेऊन तलावाकडे जाणारा. पाणी जवळजवळ नव्हतेच. दगडांतून बोटभर धार वाहत होती आणि एका ठिकाणी गुडघाभर डोह साचला होता. डोहाच्या बाजूला वाळूची सपाट, मऊ जागा. दगडावर दगड असलेल्या त्या डोंगरात एवढी सपाट जागा दुसरीकडे नव्हती. आणि त्या धारेचा आवाज!

मी म्हटले, “आपले तंबू इथे लावू.”

तो तरुण घुटमळला. “वरच बरं आहे, बाबा,” असे एकदा म्हणाला. मी म्हटले, “आकाश तर निरभ्र आहे.” खरेच निरभ्र होते. त्याने वयाचा मान राखला. चिरंजीवाने माझ्याकडे पाहिले. बऱ्याच वर्षांनी वडील कशावर तरी खूश झालेले दिसत होते, म्हणून तोही गप्प राहिला. दोन्ही तंबू खाली आले. कर्जाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी सात प्रश्न विचारणाऱ्या माणसाने येथे एकही विचारला नाही. वाळू तेथे कोणी आणून टाकली, एवढा साधा प्रश्नसुद्धा.

जेवण सहाला झाले. तांदळाची भाकरी, हिरव्या मिरचीचे पिठले, मुगाचे वरण आणि कुठल्याशा रानभाजीचे नाव विचारून, नीट निवडलेली आहे याची खात्री करून घेतलेली भाजी. यजमानाची आई वाढत होती. पाणी तिने आमच्यासमोर उकळले आणि आमच्याच गळण्याने गाळले. मी सहज म्हटले, “तुमच्याकडे पाण्याची चंगळ.” ती हसली आणि म्हणाली, “पावसाळ्यात चंगळ, शेठ. चैत-वैशाखात आम्ही बी हंडे घेऊन फिरतो. धरणाचं पाणी खाली जातं, वर चढत न्हाई.” या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बीड जिल्ह्यात सातशेच्या आतबाहेर. तरी उन्हाळ्यातील हंडा दोन्हीकडे सारखाच. ज्यांच्या डोंगरावरून पाणी येते आणि ज्यांच्या जमिनीवर तलाव उभा राहिला, ते व्याह्यांच्या आणि माझ्या भांडणात कधी मोजलेच गेले नव्हते, हे मला त्या क्षणी थोडे लागले. ‘शेठ’ म्हणू नका, मी बँकेतला नोकर होतो, असे सांगायचे राहून गेले.

सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळला. आम्ही पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले. आठच्या पुढे यजमान आम्हांला काजवे दाखवायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अमावस्या, त्यामुळे अंधार घट्ट. आधी एक-दोन ठिपके दिसले. मग एका सादड्याच्या झाडाखाली त्याने आम्हांला थांबवले आणि दिवे विझवायला सांगितले. चिरंजीवाने पुण्याहून एक मोठा दिवा आणला होता, तो बंद झाला. पाच मिनिटे काहीच नाही. आणि मग ते सबंध झाड पेटले आणि विझले, पेटले आणि विझले. एक फांदी दुसरीला उत्तर देत होती. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, वर्षातून इतकेच दिवस हे चालते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे. हा सारा उजेड जोडीदार शोधण्यासाठी. त्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. मोटारीच्या दिव्यांनी, विजेरीच्या झोतांनी त्यांचे संकेत हरवतात, आणि गवतात उतरलेले काजवे पायाखाली येतात. शनिवार-रविवारी येथे गाड्यांच्या रांगा लागतात असे यजमान सांगत होता. त्याचे पोटही त्याच गाड्यांवर, म्हणून तो ते सावधपणे सांगत होता. आम्ही वाटेवरून न उतरता, एकामागे एक परत आलो. नातीने प्रत्येक पाऊल आधी चाचपून मग टाकले. हे तिला कोणी शिकवले नव्हते. घरात आजीला चालताना पाहून आलेले असावे. पश्चिमेला, रतनगडाच्या मागे, मधूनच आभाळ उजळत होते. “तेही काजवे का?” नात म्हणाली. आम्ही हसलो. वीज आहे, लांब आहे, असे मी तिला समजावले.

साडेनऊला आम्ही तंबूत आडवे झालो होतो. बाहेर काठीचा आवाज आला. यजमानाचे वडील होते. विजेरी त्यांनी जमिनीकडे धरली होती, बोटांनी अर्धी झाकून.

“शेठ, हितं निजू नका.”

मी बाहेर आलो. म्हटले, “पाऊस कुठे आहे? वर तारे आहेत.”

ते म्हणाले, “हितं न्हाई. वर कड्यावर वाजतंय कवापासून. हा वढा विचारून येत न्हाई.”

मी वाद घातला. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण घातला. आता अंधारात कुठे हलवाहलव करायची, पोर झोपली आहे, सकाळी बघू. म्हातारे शांतपणे उभे राहिले. त्यांनी पुन्हा समजावले नाही आणि गेलेही नाहीत. तेवढ्यात सौभाग्यवती तंबूतून बाहेर आली. तिने झोपलेल्या नातीला सरळ खांद्यावर घेतले आणि त्यांना विचारले, “कोणत्या वाटेने चढायचे, भाऊ?” संपले. चिरंजीवाने आणि यजमानाने तंबू उपटले. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही खाचराच्या वरच्या बांधावर, त्याच गाणाऱ्या तरुणांच्या शेजारी होतो. त्यांनी, सांगायला हवे, गाणी आपणहून बंद केली आणि आमच्या खुंट्या ठोकून दिल्या.

मी पडून राहिलो, पण मनात रुसवा होता. अकरा वाजून गेले असतील. आमच्यावर एक थेंब नव्हता. खालून आधी आवाज आला तो पाण्याचा नव्हे, दगडांचा. एकमेकांवर आपटत, घरंगळत येणाऱ्या गोट्यांचा. मग घोंघावणे. आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलो. चिरंजीवाने तो मोठा दिवा खाली टाकला. डोह दिसत नव्हता. वाळू दिसत नव्हती. जेथे आमचे अंथरूण होते तेथून गढूळ पाणी फेसाळत चालले होते, आणि त्यात एक आडवे झालेले झुडूप मुळांसकट फिरत होते. किती खोल, ते अंधारात कळले नाही. सकाळी खुणेवरून पाहिले तर माझ्या मांडीपर्यंत होते. नातीच्या छातीपर्यंत.

कोणी काही बोलले नाही. सूनबाईने दिवा बंद करायला सांगितला, काजव्यांसाठी. माझा घसा इतका कोरडा पडला होता की गिळता येईना. खाली एवढे पाणी धावत होते आणि येथे सूर्योदयानंतर नवकारशीपर्यंत घोट नाही. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. “पाळायचे आहे ना?” म्हणाली. मी मान हलवली. मग ती इतकेच बोलली, “कर्ज देताना किती चौकशी करायचात! झोपायची जागा घेताना नाही केलीत.”

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट सारखी आठवत राहिली. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी धारूरकडच्या एका गावी पीक पाहणीला गेलो होतो. कोरड्या ओढ्यात मोटारसायकल उभी करून शेतात गेलो. तेथेही ऊन होते. परतलो तेव्हा मोटारसायकल जागेवर नव्हती. अर्ध्या कोसावर बाभळीत अडकलेली सापडली. कागदपत्रांची पिशवी काखेत होती म्हणून वाचली. शाखेत पुढे कित्येक वर्षे माझी थट्टा होत असे, आणि मीच नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे की ओढा कोरडा असला तरी तो ओढाच असतो. म्हणजे ठाऊक नव्हते असे नाही. चाळीस वर्षांत विसरलो होतो असेही नाही. पाण्याचा आवाज ऐकला आणि ठाऊक असलेले सगळे बाजूला ठेवले, एवढेच.

सकाळी ओढा पुन्हा घोट्यापर्यंत आला होता, जणू काही झालेच नाही. वाळूची सपाट जागा होती तशीच. फक्त थोडी सरकलेली, नवी धुतलेली. वाळू कोण आणून टाकतो याचे उत्तर मला मिळाले होते. नातीची एक गुलाबी चप्पल घाईत खाली राहिली होती, ती गेली. दुसरी हातात धरून ती ओढ्याकडे पाहत उभी होती. “कुठे गेली असेल?” मी सांगितले, तलावात. “मग?” मग धरण. धरणातून सोडली तर निळवंडे. तेथून प्रवरा, मग गोदावरी, मग जायकवाडी, मग कालवा, माजलगाव, खडका... आणि मी थांबलो. तिने विचारले, “म्हणजे परळीला?” 

म्हातारे गोठ्यापाशी बसले होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझे हात धरले. वयाने ते माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठे असतील. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. मुलाने तंबूचे ठरलेले भाडे घेतले, तेवढेच, आणि जेवणाचे मोजके. मी त्याला म्हटले, “पुढच्या वेळी माझ्यासारखा कोणी म्हातारा हट्ट करू लागला तर ऐकू नका.” तो संकोचून म्हणाला, “बाबा, तुम्ही एवढं खूश झाला होता.” हाच तो मुद्दा. पाहुणा नाराज होईल म्हणून तो गप्प बसला आणि ‘नाही’ म्हणायला त्याचा बाप यावा लागला. अशा ठिकाणी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना एक अनुभवाचे सांगतो. आहार आपल्या नियमाप्रमाणे मिळतो, नम्रपणे आधी सांगितले तर लोक प्रेमाने करतात. त्याची काळजी करू नये. काळजी जागेची करावी. पाण्याची जुनी रेघ कोठवर आहे, झुडपांत गवत-काड्या किती उंचीवर अडकल्या आहेत, हे उजेडात पाहून घ्यावे. आणि गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावे, पैसे घेणाऱ्याला नव्हे.

परतताना चिरंजीव पुण्याला गेला आणि आम्ही नगरवरून न येता मुद्दाम नेवाशाचा रस्ता धरला. प्रवरासंगमला उतरलो. पलीकडच्या काठाला टोके, तेथे सिद्धेश्वराचे देखणे मंदिर आहे. जायकवाडीचे फुगवट्याचे पाणी पाऊसपाण्याच्या दिवसांत या घाटांना टेकते. आम्ही गेलो तेव्हा ते कुठल्या कुठे मागे गेले होते आणि उघड्या पडलेल्या गाळात कोणी टरबुजांच्या वेली लावल्या होत्या. पुढे पैठण. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. भिंतीवरून पाहिले तर पाणी क्षितिजाच्या आतच संपत होते. तेथून उजव्या कालव्याला धरून, तो १३२ किलोमीटरचा कालवा कधी रस्त्याच्या जवळ येतो कधी दूर जातो, गेवराईवरून माजलगाव आणि तेथून घर. सौभाग्यवतीने वाटेत एकदाच विचारले, “व्याह्यांना काय सांगणार?” मी म्हटले, “त्यांचे पाणी पाहिले असे सांगतो.”

फोन केला तेव्हा मात्र मी त्यांना ओढ्याची सगळी हकीकत सांगितली, माझ्या हट्टासकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोर ठीक आहे ना?” नंतर दहा मिनिटे आम्ही पाण्यावर बोललो आणि भांडलो नाही, बहुधा प्रथमच.

पुढे पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात धरणांचे आकडे येऊ लागले तसे मी ते रोज कापून ठेवू लागलो, बँकेची सवय. नातीचा दर रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: चप्पल कुठपर्यंत आली? मी कात्रणे पुढे ओढतो, चष्मा लावतो आणि सांगतो, अजून भंडारदऱ्यातच असेल.